रेडिओ घड्याळ वेळ चुकवतंय? आधी चूक किती आहे ते मोजा

रेडिओ संकेतावर चालणारं मनगटी घड्याळ चुकीची वेळ दाखवू लागलं की बहुतेकांना एकच सल्ला मिळतो: रात्री खिडकीत ठेवा. कधी त्याने काम होतं. पुष्कळदा होत नाही, आणि मग माणूस रोज घड्याळाची जागा बदलत राहतो, दिवसभर बटण दाबून दाबून संकेत घ्यायला लावतो, सेल उतरवतो आणि शेवटी हे तंत्रच बेभरवशाचं असं ठरवून मोकळा होतो. तंत्र बेभरवशाचं नाही. ‘वेळ चुकते’ या एकाच तक्रारीच्या पोटात तीन अगदी वेगळे दोष असतात आणि खिडकीचा उपाय त्यांपैकी फक्त एकावर चालतो.

पहिला दोष, संकेत घड्याळापर्यंत पोहोचतच नाही. दुसरा, संकेत पोहोचतो पण घड्याळ त्याचा हिशेब भलत्याच शहराप्रमाणे करतं. तिसरा, संकेतही येतो, हिशेबही बरोबर होतो, पण काटेच जागेवर नसतात. यांतला आपला दोष कोणता, हे घड्याळ स्वतःच सांगतं. म्हणून कोणत्याही बटणाला हात लावण्याआधी इंटरनेटवरून वेळ घेणाऱ्या एखाद्या उपकरणाशी तुलना करा आणि तास, मिनिटं, सेकंद यांचा फरक वेगवेगळा लिहून ठेवा. दोन-तीन दिवसांनी पुन्हा मोजा.

फरक काही सेकंदांचा आहे आणि हळूहळू वाढतोय, तर संकेत मिळत नाही. सेकंद तंतोतंत जुळतात पण तास चुकतो, तर शहराचा किंवा उन्हाळी वेळेचा (काही देशांत उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे करतात, तिचा) घोळ आहे. फरक रोज अगदी तेवढाच राहतो, सेकंदकाटा कायम सात सेकंद पुढे असतो किंवा मिनिटकाटा दोन खुणांच्या मध्ये लोंबकळत असतो, तर काटे सरकलेत. या तीन वाटा एकदा वेगळ्या केल्या की उरलेलं काम सोपं आहे.

घड्याळ नेमकं काय ऐकतं

पुढचे उपाय का चालतात हे कळण्यासाठी एवढा भाग वाचावाच, असं मी म्हणेन. रेडिओ घड्याळाच्या आत अणुघड्याळ नसतं. कुठल्याही साध्या क्वार्ट्झ घड्याळात असतो तसाच सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावणारा स्फटिक असतो. असा स्फटिक महिन्याला साधारण १५ सेकंदांपर्यंत पुढेमागे होऊ शकतो. अचूकता बाहेरून येते: दिवसातून एकदा घड्याळ दूरच्या केंद्राचा संकेत ऐकतं, साचलेली चूक पुसतं आणि पुढच्या रात्रीपर्यंत पुन्हा स्फटिकाच्या भरवशावर चालतं. त्यामुळे एखाददुसरी रात्र संकेत चुकला तर फरक अर्ध्या सेकंदाच्या आसपास पडतो. तो डोळ्यांना जाणवतही नाही. म्हणूनच ‘काल रात्री संकेत मिळाला नाही’ हा दोष मानू नये. आठ-पंधरा दिवस सलग मिळाला नाही तर मात्र कारण शोधावं.

संकेत देणारी केंद्रं मोजकी आहेत. जर्मनीत फ्रँकफुर्टजवळच्या माइनफ्लिंगेनहून डीसीएफ७७ हे केंद्र ७७.५ किलोहर्ट्झवर बोलतं. ब्रिटनचं एमएसएफ कंब्रियातल्या अँथॉर्नहून ६० किलोहर्ट्झवर चालतं. २००७पर्यंत ते रग्बीला होतं. अमेरिकेचं डब्ल्यूडब्ल्यूव्हीबी कोलोरॅडोतल्या फोर्ट कॉलिन्सजवळ आहे, तेही ६०वरच. जपानच्या जेजेवायची दोन केंद्रं आहेत, फुकुशिमातल्या डोंगरावरून ४० किलोहर्ट्झवर आणि क्यूशू बेटावरून ६०वर. चीनचं बीपीसी हेनान प्रांतातल्या शांगछ्यूहून ६८.५वर बोलतं. तबकडीवर ‘मल्टिबँड ६’ लिहिलेलं असेल तर ते घड्याळ ही सहा केंद्रं ओळखतं. जुन्या किंवा स्वस्त घड्याळाला यांतलं एकच कळतं, आणि कोणतं ते माहितीपुस्तिकेतच पाहावं लागतं.

ही सगळी केंद्रं फार मंद गतीने बोलतात. डीसीएफ७७चं उदाहरण घ्या. दर सेकंदाच्या सुरुवातीला त्याच्या लहरीची ताकद एकदम खाली येते. ती ०.१ सेकंद खाली राहिली तर शून्य, ०.२ सेकंद राहिली तर एक. मिनिटाच्या शेवटच्या सेकंदाला ती खाली येतच नाही, आणि त्या गाळलेल्या खुणेवरून घड्याळाला कळतं की आता नवं मिनिट सुरू होणार. म्हणजे सेकंदाला एक बिट, एक शून्य किंवा एक ‘एक’. मिनिट, तास, तारीख, वार, महिना, वर्ष एवढा एक निरोप पुरा व्हायला अख्खं मिनिट लागतं. जपानच्या केंद्राची रीत उलटी आहे: सेकंद सुरू होताना लहर पूर्ण ताकदीने येते आणि मग पडते. अमेरिकेच्या केंद्रात ०.२, ०.५ आणि ०.८ सेकंद अशा तीन लांबीच्या खुणा असतात. चीनचं केंद्र सेकंदाला दोन बिट पाठवून वीस सेकंदांतच निरोप संपवतं.

यावरून संकेत घ्यायला कित्येक मिनिटं का लागतात ते कळेल. आधी घड्याळाला मिनिटाची सुरुवात सापडायला हवी, त्यालाच एक मिनिट जाऊ शकतं. मग ते एक पूर्ण निरोप घेतं, दुसरा घेतं, बरेचदा तिसराही घेतं, आणि प्रत्येक निरोप आधीच्यापेक्षा बरोबर एका मिनिटाने पुढचा आहे ना हे तपासतं. मध्ये एका सेकंदाला खरखर आली की ते मिनिट वाया. म्हणून चांगल्या जागीही तीन-चार मिनिटं लागतात, अवघड जागी दहाच्या वर जातात. या काळात घड्याळ हातात घेऊन ‘झालं का’ असं बघणं म्हणजे चाललेलं काम मोडणं.

केंद्रापासून घड्याळापर्यंत यायला लहरीला लागणाऱ्या वेळेची काहीजणांना चिंता वाटते. दोन हजार किलोमीटर यायला लहरीला सुमारे सात सहस्रांश सेकंद लागतात. मनगटी घड्याळाच्या दृष्टीने तो फरक सोडून द्यावा.

फरक सेकंदांचा आणि वाढता: संकेत मिळत नाही

पहिला प्रश्न अंतराचा. डीसीएफ७७ साधारण दोन हजार किलोमीटरपर्यंत भरवशाने ऐकू येतं. अमेरिकेचं केंद्र रात्री त्याहून पुढे जातं, जपानची आणि चीनची केंद्रं तितकी लांब जात नाहीत. दक्षिण आशिया, ऑस्ट्रेलिया, दक्षिण अमेरिका आणि आफ्रिकेचा बहुतांश भाग या सगळ्यांच्या पलीकडे पडतो. तिथे कधीतरी एखाद्या शांत रात्री संकेत लागून जाईलही, पण त्यावर विसंबता येत नाही. अशा ठिकाणी राहणाऱ्याने खिडकी, गच्ची, दिशा यांत एकही संध्याकाळ घालवू नये. त्यांच्यासाठीचा उपाय पुढे वेगळा सांगितला आहे.

टप्प्यात असाल तर रात्रच बरी, आणि त्याला कारण आहे. जमिनीपासून साठ-नव्वद किलोमीटर उंचीवर आयनांबराचा, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित भागाचा, सर्वांत खालचा थर उन्हामुळे तयार होतो आणि तो या दीर्घ लहरी शोषतो. सूर्य मावळला की तो थर विरतो आणि लहर वरच्या थरावरून परावर्तित होऊन लांब पोहोचते. त्यात रात्री घरातली विजेची उपकरणंही कमी चालू असतात. म्हणून बहुतेक घड्याळं मध्यरात्र ते पहाटे पाचच्या दरम्यान आपोआप संकेत शोधतात आणि एकदा मिळाला की त्या रात्रीपुरतं थांबतात.

इथे एक बारकी अडचण असते आणि ती सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. घड्याळ ‘रात्र’ ठरवतं ते स्वतःच्या वेळेवरून. काटे हाताने फिरवताना सकाळ-संध्याकाळची गल्लत झाली असेल, तर घड्याळाच्या मते पहाटेचे दोन म्हणजे प्रत्यक्षात भर दुपारचे दोन. तेव्हा ते मनगटावर हलत असतं, आसपास शंभर उपकरणं चालू असतात आणि शोषणारा थर ऐन जोरात असतो. संकेत मिळणार कसा? काट्यांच्या घड्याळात हा घोळ ओळखायची खूण म्हणजे तारीख दुपारी बारा वाजता बदलते. तसं दिसलं तर वेळ आधी हाताने बारा तासांनी पुढे करा, मग बाकीचं.

यानंतर जागा. या लहरींची लांबी किलोमीटरांत असते, ६० किलोहर्ट्झला ५ किलोमीटर. घड्याळातला अँटेना मात्र दीड-दोन सेंटिमीटरच्या फेराइट (एक लोहयुक्त चुंबकी पदार्थ) दांडीवर गुंडाळलेली बारीक तार असते. ती लहरीचा चुंबकीय भाग पकडते, आणि तिला दिशा कळते. दांडीचं टोक केंद्राकडे असेल तर जवळजवळ काहीच येत नाही. दांडी आडवी, म्हणजे तिची कुशी केंद्राकडे असेल तर सर्वांत जास्त येतं. पुष्कळ घड्याळांत ही दांडी बाराच्या आकड्याखाली आडवी बसवलेली असते, म्हणून पुस्तिकेत ‘बाराची बाजू खिडकीकडे करा’ असं लिहितात. काहींत ती नऊच्या किंवा सहाच्या बाजूला असते. खिडकीपेक्षा केंद्राची दिशा महत्त्वाची. दोन्ही साधत असेल तर उत्तम, पण एकच निवडायचं झालं तर मी दिशा निवडेन, आणि खिडकी दुसऱ्या बाजूची चालवून घेईन. नकाशावर आपल्या गावापासून केंद्रापर्यंत रेघ ओढा, ती कोणत्या दिशेला जाते ते पाहा आणि घड्याळाची ती बाजू तिकडे करून ठेवा. चुकून काटकोनात ठेवलं तर चांगल्या टप्प्यातही अपयश येतं, आणि लोकांना वाटतं की खिडकीचा उपाय फसला.

घड्याळ धातूच्या कपाटात, फ्रिजवर किंवा पोलादी टेबलावर ठेवू नका. सळयांच्या काँक्रीटच्या इमारतीत आतल्या खोलीपेक्षा बाहेरच्या भिंतीजवळची जागा बरी. घड्याळाची स्वतःची धातूची पेटीसुद्धा, म्हणजे यंत्र ज्यात बसवलेलं असतं ते कवच, अँटेनाला त्रास देते, कारण तिच्यात भोवऱ्यासारखे प्रवाह निर्माण होऊन संकेत खातात. १९९०मध्ये युंगहान्सने पहिलं रेडिओ मनगटी घड्याळ काढलं तेव्हा अँटेना पट्ट्यात शिवला होता. १९९३च्या सिटिझनच्या घड्याळात तो तबकडीच्या मधोमध उठून दिसायचा. आजच्या पूर्ण धातूच्या घड्याळात तो आत लपवता येतो ही मोठी प्रगती आहे, तरी प्लॅस्टिकच्या पेटीचं घड्याळ अवघड जागी सहसा आधी संकेत पकडतं.

गोंगाट हा माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. मोबाइल-लॅपटॉपचे चार्जर, एलईडी दिव्यांची चालक-मंडलं, दिव्याचा प्रकाश कमी-जास्त करणारी बटणं, इंडक्शन शेगड्या, बिनतारी चार्जिंगच्या तबकड्या, हे सगळं काही दहा ते काही शे किलोहर्ट्झच्या पट्ट्यात धडधडत असतं, म्हणजे नेमकं केंद्रांच्या शेजारी. जुन्या काचेच्या नळीच्या टीव्हीत तर युरोपी पद्धतीची रेघांची वारंवारता १५,६२५ हर्ट्झ होती. तिची पाचपट ७८,१२५, जर्मन केंद्रापासून हाकेच्या अंतरावर. सुदैवाने जवळच्या गोंगाटाचा एक गुण आहे: त्याचं चुंबकीय क्षेत्र अंतराच्या घनाने घटतं. अंतर दुप्पट केलं की क्षेत्र आठव्या हिश्श्यावर, चौपट केलं की चौसष्टाव्या. दूरच्या केंद्राच्या संकेतात मात्र एवढ्याने काहीच फरक पडत नाही. म्हणून उशाशी चार्जरच्या बाजूला वीतभर अंतरावर ठेवलेलं घड्याळ मीटरभर लांब सरकवलं तर होणारा फायदा दिशा बदलून होणाऱ्या फायद्यापेक्षाही मोठा ठरू शकतो. घरात पहिला बदल हाच करून बघावा. फुकटचा आहे आणि लगेच कळतो.

सौरऊर्जेच्या घड्याळात आणखी एक कारण. संकेत ऐकायला घड्याळाला रोजच्या चालण्यापेक्षा बराच जास्त वीजप्रवाह लागतो. साठा खालावला की पुष्कळ घड्याळं काटे चालू ठेवतात आणि संकेत घेणं मुकाट बंद करतात. बाहीखाली किंवा कपाटात राहिलेलं घड्याळ हे असं वागतं. दोन-चार दिवस चांगल्या उजेडात ठेवून मग रात्रीची वाट पाहा. तापलेल्या गाडीच्या काचेमागे मात्र ठेवू नका, उष्णतेने सेल बिघडतो.

बदल केल्यावर निकाल कसा बघायचा? जवळपास प्रत्येक घड्याळात शेवटच्या प्रयत्नाचं फळ दाखवणारं बटण असतं. एकदा दाबलं की सेकंदकाटा ‘हो’ किंवा ‘नाही’च्या खुणेवर जातो, किंवा पडद्यावर शेवटचा संकेत कधी मिळाला ती तारीख येते. काहींत संकेत जोराचा, मध्यम की कमजोर होता हेही कळतं. सकाळी उठल्यावर एवढं बघा. एका वेळी एकच बदल करा आणि प्रत्येक बदलाला दोन-तीन रात्री द्या, नाहीतर कशाने काम झालं ते कळणार नाही. केंद्रंसुद्धा देखभालीसाठी किंवा विजांच्या वादळात अधूनमधून बंद असतात. २०११च्या भूकंपानंतर फुकुशिमातलं केंद्र काही आठवडे बंद होतं. सगळं ठीक असताना अचानक अपयश आलं तर ज्या संस्थेचं केंद्र आहे तिच्या संकेतस्थळावर सूचना आहे का ते आधी बघा.

सेकंद बरोबर, तास चुकलेला

ही चूक दिसली तर आनंद माना, संकेत उत्तम मिळतोय. घोळ फक्त सेटिंगचा आहे.

केंद्रं एकाच पद्धतीने वेळ सांगत नाहीत. अमेरिकेचं केंद्र जागतिक प्रमाणवेळ सांगतं आणि उन्हाळी वेळ चालू आहे की नाही हे वेगळ्या बिटांनी कळवतं. जर्मन आणि ब्रिटिश केंद्रं त्या त्या देशाची चालू कायदेशीर वेळ सांगतात, उन्हाळ्यात उन्हाळी. जपानी केंद्र जपानची वेळ सांगतं. त्यातून आपल्या शहराची वेळ काढायचं काम घड्याळ करतं, आणि त्यासाठी त्याला होम सिटी, म्हणजे आपण आहोत ते शहर, बरोबर सांगावी लागते. लक्षात घ्या, ६० किलोहर्ट्झवर तीन वेगवेगळ्या देशांची केंद्रं तीन वेगवेगळ्या भाषांत बोलतात. त्या क्षणी कोणती भाषा ऐकायची आहे हे घड्याळाला होम सिटीवरूनच कळतं. प्रवासानंतर शहर बदलायचं राहून गेलं तर वेळ चुकतेच, शिवाय कित्येकदा संकेतही मिळेनासा होतो, कारण घड्याळ युरोपात बसून टोकियोचं केंद्र शोधत असतं. जागतिक वेळेची जोडतबकडी असलेल्या घड्याळात मुख्य आणि दुय्यम शहरांची अदलाबदल एका बटणाने होते, आणि ते बटण नकळत दाबलं जातं. दोन शहरं उलटी झालीत का, ते बघा.

उन्हाळी वेळेची सेटिंग सहसा तीन प्रकारची असते: चालू, बंद आणि आपोआप. केंद्राच्या टप्प्यात असाल तर आपोआप ठेवा. कुणीतरी एकदा हाताने ‘चालू’ करून ठेवलं असेल तर हिवाळ्यात घड्याळ तासभर पुढे पळत राहील आणि कितीही संकेत घेतला तरी सुधारणार नाही.

वर्षातून दोनदा, वेळ बदलण्याच्या रविवारी, एक वेगळी तक्रार येते: सगळी घड्याळं बदलली, हेच राहिलं. घड्याळाने मध्यरात्री लगेच संकेत घेतला, तो यशस्वी झाला, म्हणून ते त्या रात्री परत ऐकायला गेलं नाही. बदल मात्र त्यानंतर पहाटे झाला. काही घड्याळं येणाऱ्या बदलाची पूर्वसूचना वाचून तो स्वतः लागू करतात, काही करत नाहीत. त्या सकाळी एकदा हाताने संकेत घ्या, किंवा सोमवारपर्यंत थांबा.

एक विरळा प्रकार याच घरातला. घड्याळ अचानक बरोबर दहा, वीस किंवा चाळीस मिनिटांनी चुकतं, किंवा तारीख आठ दिवसांनी पुढे जाते. संकेतात मिनिटं १, २, ४, ८, १०, २०, ४० अशा तुकड्यांत पाठवलेली असतात, त्यामुळे एक बिट उलटा वाचला गेला की चूक नेमकी त्या आकड्याएवढी पडते. जर्मन, ब्रिटिश आणि जपानी निरोपांत पडताळणीचे बिट असतात, पण एकाच वेळी दोन बिट बिघडले तर पडताळणी फसते. अमेरिकेच्या जुन्या पद्धतीच्या निरोपात तर तसे बिटच नाहीत. कमजोर संकेत आणि घाईने तपासणारं घड्याळ एकत्र आले की हे घडतं. पुढच्या रात्री आपोआप सुधारतं. वारंवार होत असेल तर जागा गोंगाटाची आहे, वरचा भाग पुन्हा बघा.

चूक रोज तेवढीच: काटे सरकलेत

सर्वांत जास्त माणसं इथे अडकतात, आणि सर्वांत सोपा उपायही इथेच आहे. पडद्यावर आकडे दाखवणाऱ्या घड्याळाला हा दोष होत नाही. काट्यांच्या घड्याळाला होतो, कारण काटा कुठे आहे हे आतल्या चिपला दिसत नाही. ती फक्त मोजते. ‘काटा बारावर होता, मी मोटरीला इतके ठोके दिले, म्हणजे आता काटा अमुक ठिकाणी असणार.’ तो खरंच तिथे आहे का, हे तिला ठाऊक नसतं.

ही मोटर म्हणजे एक चिमुकला चुंबकीय रोटर, जो प्रत्येक ठोक्याला अर्धा फेरा फिरतो. घड्याळ स्पीकरवर ठेवलं, चुंबकी झाकणाच्या मोबाइल कव्हरला किंवा पर्सच्या चुंबकी बटणाला चिकटलं, की बाहेरचं चुंबक त्या रोटरला धरून ठेवतं. चिप ठोके देत राहते, काटा हलत नाही, हिशेब पुढे जातो. जोराचा धक्का बसला तरी एखादा दात उडी मारू शकतो. चुंबक दूर गेलं की घड्याळ छान चालू लागतं, पण सात सेकंद मागे. आणि त्यानंतर रोज रात्री संकेत येतो, चिप स्वतःची वेळ अचूक जुळवते, काटे त्या वेळेच्या सात सेकंद मागेच राहतात. संकेताचा निकाल विचारा, तर ‘मिळाला’ असंच उत्तर येतं. अशा घड्याळाला आयुष्यभर खिडकीत ठेवलं तरी सुधारणा होणार नाही.

उपाय म्हणजे काट्यांची मूळ जागा पुन्हा शिकवणं. पुस्तिकेत याला मूळ स्थान, संदर्भ स्थान किंवा काट्यांची जुळवणी असं काहीतरी म्हटलेलं असतं. सहसा चावी (बाजूची फिरवायची घुंडी) बाहेर ओढून किंवा एखादं बटण काही सेकंद दाबून धरून त्या अवस्थेत जाता येतं. मग सगळे काटे बारावर जायला निघतात. जो काटा बारावर नेमका थांबला नाही तो सरकलेला. बटणाने किंवा चावीने त्याला बरोबर बारावर आणा, पुढच्या बटणाने दुसऱ्या काट्याकडे जा, छोट्या तबकड्यांचे काटे आणि तारखेची चकतीही तपासा, आणि बाहेर पडा. तारखेच्या चकतीला घाई करू नका. ती फिरायला बराच वेळ घेते आणि मध्येच बटण दाबलं की पुन्हा पहिल्यापासून. हे झाल्यावर एकदा हाताने संकेत घ्या, किंवा रात्रीची वाट बघा.

एक इशारा. चूक दिसते म्हणून संदर्भ स्थानाच्या अवस्थेत जाऊन काटे चालू वेळेवर आणून ठेवायचा मोह होतो. तिथे काटे बारावरच आणायचे असतात. चालू वेळेवर आणले तर चिप त्या जागेलाच बारा समजते आणि पुढे सगळंच फिसकटतं.

काही नव्या घड्याळांत चाकांना बारीक भोकं पाडलेली असतात. ठरावीक वेळी आतला छोटा दिवा त्या भोकांतून प्रकाश टाकून काटे जागेवर आहेत का ते बघतो आणि सरकलेला काटा स्वतःच दुरुस्त करतो. नवं घड्याळ घेताना ही सोय असेल तर मी तिला दोन जास्तीच्या केंद्रांपेक्षा वरचं स्थान देईन.

टप्प्याबाहेर राहणाऱ्यांसाठी

केंद्राचा संकेत तुमच्यापर्यंत येत नसेल तर तो घरातल्या घरात तयार करता येतो. त्यासाठी मोबाइलवर चालणारी ॲप मिळतात. कल्पना सुंदर आहे. फोनचं ध्वनिमंडल ४० किंवा ६० किलोहर्ट्झ देऊ शकत नाही, पण १३,३३३ किंवा २०,००० हर्ट्झ देऊ शकतं. स्पीकरच्या वेटोळ्यातून किंवा इअरफोनच्या तारेतून हा प्रवाह वाहताना थोडा विकृत होतो आणि त्यात तिप्पट वारंवारतेचा अंश येतो: १३,३३३च्या तिप्पट ४०,०००, २०,०००च्या तिप्पट ६०,०००. जर्मन केंद्रासाठी १५,५०० हर्ट्झची पाचपट घेतात. तारेभोवतीचं ते क्षीण चुंबकीय क्षेत्र दोन-चार सेंटिमीटरवर असलेल्या अँटेनाला पुरतं. इथे घड्याळ आवाज ऐकत नसतं, म्हणून ब्लूटूथ इअरफोन निरुपयोगी. तारेचेच हवेत, किंवा फोनचा स्पीकर. आवाज पूर्ण वाढवा आणि इअरफोन कानात अजिबात घालू नका. तार घड्याळाच्या अँटेनाच्या बाजूला दोन-तीन वेढे घालून ठेवली की काम लवकर होतं.

इथेही अडखळायला होतं ते शहरापाशी. होम सिटी टप्प्याबाहेरची असेल तर पुष्कळ घड्याळं संकेत शोधायलाच तयार नसतात. म्हणून आधी होम सिटी टोकियो करा, ॲपमध्ये जपानचं केंद्र निवडा आणि ते खरी जपानी वेळ पाठवतंय याची खात्री करा. संकेत मिळाल्यावर होम सिटी पुन्हा आपली करा. सेकंद तसेच राहतात, तास आपोआप बदलतो. काही ॲप जपानी संकेतात आपलीच स्थानिक वेळ भरून पाठवतात. तेव्हा घड्याळ कायम टोकियोवरच ठेवावं लागतं. दोन्ही पद्धती चालतात, पण मिसळल्या की तासांचा घोळ होतो. फोनची वेळ आपोआप जुळण्यावर ठेवलेली हवी, कारण घड्याळ आता तिच्याइतकंच अचूक असणार. आठवड्यातून एकदा हे केलं तरी फरक तीन-चार सेकंदांच्या आतच राहतो.

घड्याळ उघडायची वेळ कधी येते

वरचं सगळं करून झालं, आणि त्याच जागी ठेवलेलं दुसरं रेडिओ घड्याळ रोज संकेत घेतं पण हे घेत नाही, तर दोष आत आहे. नुकताच सेल बदलला असेल तर संशय तिथेच घ्या. अँटेनाची तार केसाहून बारीक असते आणि पाठ उघडताना चिमट्याचा धक्का लागला तरी तुटते. पेटीत पाणी किंवा वाफ गेली असेल तर संपर्कांवर गंज चढतो. मूळ पाठ हरवून दुसऱ्या धातूची बसवली तरी अँटेनाची जुळणी बिघडू शकते. दुरुस्तीला देताना नुसतं ‘वेळ चुकते’ म्हणू नका. दोष शोधायला तेवढ्याने मदत होत नाही. दोन आठवड्यांत फरक किती सेकंदांनी वाढला, शेवटचा संकेत कधी मिळाला, काटे मूळ जागी नेमके बारावर येतात की नाही, सेल कधी बदलला, या चार गोष्टी कागदावर लिहून घड्याळासोबत द्या. आणि सेल नवा घालून घड्याळ परत मिळालं की ते हातात बांधण्याआधी काट्यांची मूळ जागा आणि होम सिटी दोन्ही तपासा, कारण वीज पूर्ण तुटल्यावर बरीच घड्याळं या दोन्ही गोष्टी विसरतात.